शोकशल्य आणि दिनचर्या : सहचराच्या निधनानंतरचे जीवन

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात मुंड राजाची कथा आली आहे. पाटलिपुत्रात राज्य करणाऱ्या या राजाची राणी भद्दा मरण पावली. ती त्याला अत्यंत प्रिय होती. तिच्या मृत्यूनंतर राजाने स्नान सोडले, अंगाला उटी लावणे सोडले, अन्न सोडले आणि राज्यकारभारही सोडला. रात्रंदिवस तो राणीच्या देहापाशी बसून राहू लागला. एवढ्यावरच तो थांबला नाही. त्याने आपला कोषाध्यक्ष पियक यास आज्ञा केली, की राणीचा देह तेलाने भरलेल्या लोखंडी द्रोणीत ठेवावा व वरून दुसऱ्या लोखंडी द्रोणीने झाकावा; म्हणजे आम्हांस तो अधिक काळ पाहता येईल. पियकाने आज्ञा पाळली, परंतु त्याच्या मनात विचार आला की, राजाचे हे शोकशल्य कोण काढू शकेल? त्या वेळी कुक्कुटाराम विहारात भदंत नारद राहत होते. पियकाने राजाला त्यांच्याकडे जाण्याची विनंती केली.

नारदांनी राजाला सांगितलेला उपदेश पुढे 'सोकसल्लहरण', म्हणजे शोकाचे शल्य काढणारा, या नावाने ओळखला गेला. उपदेश ऐकून झाल्यावर राजा जे बोलला ते आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. राणीच्या देहाचे दहन करा व तिचा स्तूप बांधा, आणि आजपासून आम्ही स्नान करू, भोजन करू, कामकाज पाहू, असे त्याने पियकाला सांगितले. राजाने आपल्या अश्रूंचा त्याग जाहीर केला नाही. त्याने आपली दिनचर्या परत घेतली. पती वा पत्नी गेल्यानंतर जीवनाची घडी पुन्हा कशी बसते, याचा विचार करताना आम्ही या सुत्तापासून सुरुवात करीत आहोत, त्याचे कारण हेच.

उपदेशाचा आशय

नारदांनी पाच अप्राप्य गोष्टी सांगितल्या. जे जराधर्मी आहे ते जीर्ण होऊ नये, जे व्याधिधर्मी आहे ते आजारी पडू नये, जे मरणधर्मी आहे ते मरू नये, जे क्षयधर्मी आहे त्याचा क्षय होऊ नये आणि जे नाशधर्मी आहे त्याचा नाश होऊ नये, या पाच गोष्टी जगात कोणालाही मिळत नाहीत. कोसलराज प्रसेनजिताला मल्लिका राणीच्या निधनाची वार्ता जेतवनात, भगवंतांच्या समोरच कळली. तो खांदे पाडून, मान खाली घालून, निःशब्द बसून राहिला. तेव्हा भगवंतांनीही त्याला याच पाच गोष्टी सांगितल्या होत्या.

यापुढचा भाग मात्र आपल्या प्रवचनांत क्वचितच येतो. मी शोकातच बुडून राहिलो तर काय होईल, याचा विचार आर्यश्रावक करतो, असे सुत्तात म्हटले आहे. अन्न गोड लागणार नाही, शरीर विवर्ण होईल, कामे अडून राहतील, शत्रू संतुष्ट होतील आणि मित्र दुःखी होतील. यात परलोकाचा उल्लेख नाही, मृताच्या आत्म्याच्या गतीचा उल्लेख नाही. अन्न, शरीर, काम आणि माणसे या चारच गोष्टींचा विचार आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर शोकाचा विचार येथे आरोग्य, व्यवसाय व सामाजिक संबंध यांच्या संदर्भात केलेला आहे.

येथे एका गैरसमजाची दखल घेणे आवश्यक वाटते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात रडणाऱ्या स्त्रीला 'सर्व अनित्य आहे, ताई, रडू नका' असे सांगण्याची पद्धत आपल्यात रूढ झाली आहे. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु ऐकणारीला असे वाटू लागते की, आपले रडणे म्हणजे धम्मातील कच्चेपणाच होय. अनित्यतेचा सिद्धान्त दुःख नाकारण्यासाठी नाही; दुःख हे पहिलेच आर्यसत्य आहे. भगवंतांनी प्रसेनजिताला दोष दिला नाही, नारदांनी मुंडाची निर्भर्त्सना केली नाही. शल्य लागलेच नाही असे दोघांनीही म्हटले नाही. शल्य आहे, ते काढता येते, आणि ते काढण्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो, एवढेच या सुत्तांचे सांगणे आहे.

दोन कामे, आळीपाळीने

आधुनिक मानसशास्त्रानेही या प्रश्नाचा बराच अभ्यास केला आहे. शोकाच्या ठरावीक पायऱ्या असतात व त्या एकामागून एक चढून माणूस मोकळा होतो, ही कल्पना लोकप्रिय असली तरी ती मूळची शोकाची नव्हे. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेल्या पाच अवस्था मृत्युशय्येवरील रुग्णांशी केलेल्या संवादांतून आल्या होत्या. मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट या नेदरलँड्समधील अभ्यासकांनी १९९९ साली निराळी मांडणी केली. त्यांच्या मते जोडीदार गमावलेल्या माणसापुढे दोन प्रकारची कामे असतात. पहिले काम गमावलेल्या माणसाचे : आठवणे, रडणे, फोटो पाहणे, वस्तू हाताळणे. दुसरे काम राहिलेल्या जीवनाचे : पूर्वी जोडीदार करीत असलेली कामे शिकणे, पैशाचे व्यवहार समजून घेणे, नव्या ओळखीने समाजात वावरणे. निरोगी माणूस या दोन्ही कामांत ये-जा करीत असतो. सकाळी बँकेत अर्ज भरून आलेली बाई संध्याकाळी पतीचा सदरा हातात घेऊन रडली, तर ती मागे पडली असे नव्हे. तिची दोन्ही कामे चालू आहेत. केवळ पहिल्याच कामात अडकणे म्हणजे मुंडाची तेलाची द्रोणी होय. केवळ दुसऱ्याच कामात स्वतःला गाडून घेणे हीही एक द्रोणीच आहे. तिचे झाकण बाहेरून दिसत नाही, इतकेच.

आमच्या समाजाला याचे जवळचे उदाहरण ज्ञात आहे. माता रमाई २७ मे १९३५ रोजी राजगृहात निवर्तल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली. बाबासाहेबांचे कार्य थांबले नाही, हे आपण नेहमी सांगतो. पण पाच वर्षांनंतर, १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा तो त्यांनी आपल्या रामूच्या स्मृतीस अर्पण केला, हेही तितकेच सांगितले पाहिजे. राजकीय प्रश्नाची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर दिवंगत पत्नीचे नाव येते, याचा अर्थ पाच वर्षांच्या अखंड कामातही ती स्मृती जिवंत होती. काम हे विस्मरणाचे साधन नव्हते. मुंडाने राणीचा स्तूप बांधावयास सांगितला आणि मग कारभार हाती घेतला. बाबासाहेबांनी ग्रंथाला स्तूपाचे स्थान दिले, असे आम्हांस वाटते.

'मी आता कोण?'

दिनचर्येपेक्षा अवघड प्रश्न ओळखीचा आहे. तीस-चाळीस वर्षे एखादी स्त्री अमक्याची पत्नी म्हणून ओळखली जाते. तिच्या जेवणाची वेळ, झोपण्याची बाजू, भाजीतील मिठाचे प्रमाण हे सारे दोघांच्या हिशेबाने ठरलेले असते. एक माणूस गेला की हा सारा हिशेब कोलमडतो. 'त्यांच्याबरोबर मीही गेले' असे ती म्हणते तेव्हा ते केवळ भावनेचे बोलणे नसते.

अनात्मवादाचा येथे फार उपयोग आहे. 'मी' ही एक अखंड, अविकारी वस्तू आहे असे मानले, तर तिचा तुकडा पडला म्हणजे सारे संपले असेच वाटणार. परंतु धम्माच्या दृष्टीने व्यक्ती म्हणजे पंचस्कंधांचा प्रवाह आहे. हेतू व प्रत्यय यांनी ती घडत असते आणि तिच्या कर्मांनी तिला आकार येतो. पत्नीपण हा त्या प्रवाहातील एक महत्त्वाचा प्रत्यय होता. तो निवृत्त झाला, म्हणजे प्रवाह आटला असे नव्हे. त्या सहवासाने जे संस्कार घडवले ते शिल्लक आहेत, आणि आजच्या कर्माने उद्याची व्यक्ती घडणार आहे. म्हणून दिनचर्या ही क्षुल्लक गोष्ट नाही. सकाळी ठरल्या वेळी उठणे, वंदना घेणे, स्वतःपुरता का होईना स्वयंपाक करणे, यांतूनच नवी ओळख घडत जाते.

आपल्या परंपरेने या बाबतीत एक मोलाची देणगी दिली आहे. तिच्याकडे आमचे लक्ष सहसा जात नाही. मराठी समाजात विवाहितेच्या नावामागे 'सौ.' लागते आणि पती निवर्तला की ते काढून 'गं. भा.' लावले जाते. २०२३ साली 'विधवा' या शब्दाऐवजी 'गं. भा.' वापरावे असा प्रस्ताव शासनाच्या पातळीवर पुढे आला, तेव्हा त्यावर मोठी टीका झाली. आमच्या पत्रिकांवर मात्र 'आयुष्मान' आणि 'आयुष्मती' असतात. आयुष्मती हे संबोधन अविवाहितेला, विवाहितेला आणि पती निवर्तलेल्या स्त्रीला एकच आहे. पतीच्या मृत्यूने ते बदलत नाही. कालकथित होतो तो पती. त्याची पत्नी आयुष्मतीच राहते. ही केवळ लेखनाची रीत नाही, तीमागे एक विचार आहे. असे असूनही आमच्याच काही कुटुंबांत आजही बांगड्या फोडल्या जातात, कुंकू पुसले जाते आणि नातीच्या लग्नात आजीला मागच्या रांगेत बसविले जाते. आमचा मंगल परिणय पांढऱ्या वस्त्रांत होतो. ज्या समाजाने पांढरा रंग मंगल मानला, त्याने तोच रंग स्त्रीला शिक्षा म्हणून द्यावा, ही विसंगती आहे.

ही प्रथा आली कोठून?

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरील निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जात म्हणजे बंदिस्त विवाहवर्तुळ आणि ते बंदिस्त राखायचे तर स्त्री-पुरुषांची संख्या समान राहिली पाहिजे, असे त्यांनी दाखवून दिले. पती निवर्तल्यावर उरणारी स्त्री या व्यवस्थेला 'अतिरिक्त' वाटते, कारण ती जातीबाहेर विवाह करील किंवा जातीतील दुसऱ्या स्त्रीचा वाटा घेईल. म्हणून तिला जाळायचे, अथवा सक्तीच्या वैधव्याने तिचे आकर्षणच नष्ट करायचे. पत्नी निवर्तल्यावर उरणारा पुरुषही अतिरिक्तच. परंतु त्याला जाळता येत नाही, म्हणून त्याला अल्पवयीन मुलगी दिली जाते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्हींचे मूळ एकच, असा त्या निबंधाचा निष्कर्ष आहे. या प्रथा वरून खाली अनुकरणाने झिरपत गेल्या, असेही त्यात सांगितले आहे.

महाराष्ट्रातील अनेक बहुजन व अस्पृश्य मानलेल्या जातींत पूर्वी पाट लावण्याची रीत होती. पाटाला पहिल्या लग्नाचा मान नव्हता हे खरे, तरी स्त्रीला पुन्हा संसार करण्याची वाट होती. प्रतिष्ठेच्या कल्पना बदलल्या तसा पाटाचा कमीपणा वाटू लागला. म्हणजे कुंकू पुसण्याचा आग्रह धरताना आपण आपल्या पूर्वजांची रीत पाळतो, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान नाकारून आमच्या समाजाने १९५६ सालीच मृतासंबंधीच्या कर्मकांडाला नकार दिला होता. मागे राहिलेल्या स्त्रीवर लादलेल्या कर्मकांडालाही तोच नकार लागू पडतो.

याच संदर्भात थोडे आत्मपरीक्षणही करावयास हवे. ६ डिसेंबर १९५६ नंतर माईसाहेब आंबेडकरांच्या वाट्याला शोकाबरोबर दीर्घकाळचा संशयही आला. त्या प्रकरणातील मतभेदांत आम्ही येथे शिरत नाही. परंतु पती गमावलेल्या स्त्रीकडे प्रथम शोकग्रस्त माणूस म्हणून पाहणे आपल्यालाही अवघड गेले, एवढे मान्य करणे भाग आहे. आजही घरोघरी 'हिच्या पायगुणाने' किंवा 'हिने नीट पाहिले नाही' असे शब्द ऐकू येतात.

नकुलमातेचे आश्वासन

भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे नकुलपिता गंभीर आजारी पडला, तेव्हा नकुलमाता त्याला म्हणाली की, मनात चिंता ठेवून मरू नका. अंगुत्तर निकायातील या सुत्तात तिने सहा चिंतांचे निरसन केले आहे. शील, चित्ताची शांती, धम्मातील दृढता यांबद्दल ती बोलते. पण सर्वांत आधी ती पोटापाण्याबद्दल बोलते. मला सूत कातता येते, लोकर विंचरता येते. तुमच्यामागे मी मुलांना पोसू शकेन, घर चालवू शकेन, असे ती सांगते. मी दुसऱ्या घरी जाणार नाही, हेही ती सांगते. परंतु हा तिचा स्वतःचा निर्णय आहे, तो तिच्यावर कोणी लादलेला नाही. नकुलपिता बरा झाला आणि काठी टेकत भगवंतांकडे गेला, तेव्हा भगवंतांनी अशी हितचिंतक पत्नी लाभल्याबद्दल त्याला भाग्यवान म्हटले.

पती-पत्नीने एकमेकांच्या मृत्यूविषयी जिवंतपणी, मोकळेपणाने बोलावे, असा या सुत्ताचा आदर्श आहे. आपल्या घरांत असे बोलणे अशुभ मानले जाते, आणि मग खात्याचे पुस्तक कोठे आहे, विमा आहे की नाही, कोणाचे देणे आहे, हे मागे राहिलेल्याला ठाऊक नसते. म्हणून काही व्यावहारिक गोष्टी येथे नमूद करतो.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी व दाखल्याच्या अधिक प्रती घ्याव्यात. बँक, विमा, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका, वीजजोडणी या सर्वांसाठी त्या लागतात. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नी ही प्रथम वर्गातील वारस आहे. मुलगा, मुलगी आणि सासू यांच्याइतकाच तिचा वाटा आहे, आणि त्या वाट्याची ती पूर्ण मालक आहे. पुढे तिने पुनर्विवाह केला तरी मिळालेला वाटा जात नाही. बँकेतील नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो रक्कम स्वीकारतो, मालकी वारसांची असते. सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, शोकाच्या पहिल्या महिन्यांत कोणत्याही हक्कसोडपत्रावर सही करू नये. जलदानविधीला जमलेल्या नातेवाइकांतच असा कागद पुढे केला जातो, हे आम्ही पाहिले आहे. हिंदू संहिता विधेयकाची झालेली कोंडी हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. ज्या हक्कासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले, तो हक्क त्यांच्याच अनुयायांच्या घरात एका सहीने सोडून देऊ नये. निराधार स्त्रियांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

पुरुषांचा शोक

मुंड आणि प्रसेनजित हे दोघेही पुरुष होते, हे विसरता कामा नये. पुरुषाचे कुंकू पुसले जात नाही, म्हणून त्याचे दुःख कमी असते असे नाही. इंग्लंडमध्ये कॉलिन मरे पार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांतील २१३ जण मरण पावले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होते. आपल्याकडील अनेक वृद्ध उपासकांना चहादेखील करता येत नाही, औषधाच्या वेळा पत्नीला पाठ असतात, नातेसंबंध तिनेच राखलेले असतात. ती गेली की ते मुलांच्या घरी पाहुण्यासारखे राहू लागतात. नकुलमातेला सूत कातता येत होते, तसे नकुलपित्याला भात शिजवता आला पाहिजे, असे आम्ही म्हणू.

पुनर्विवाहाबाबतही एकच माप असावे. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दुसरा विवाह केला. त्याने रमाईंच्या स्मृतीला उणेपणा आला नाही. हेच स्वातंत्र्य स्त्रीलाही आहे. कोणाला पुन्हा संसार करावासा वाटेल, कोणाला वाटणार नाही. दोन्ही निर्णय ज्याचे त्याने घ्यावेत.

विहाराचे कर्तव्य

पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते. दोन महिन्यांनी दार वाजत नाही. खरी गरज त्या वेळी असते. पियकाने राजाचे दुःख ओळखले आणि त्याला योग्य ठिकाणी नेले. प्रत्येक विहारात असा पियक असावा. महिला मंडळाने पहिल्या वर्षभर महिन्यातून एकदा तरी त्या घरी जावे, कागदपत्रांसाठी सोबत द्यावी, रविवारच्या वंदनेला तिला बोलावून आणावे. मंगल परिणयात व नामकरणात पती निवर्तलेल्या आयुष्मतीच्या हस्ते पुष्पपूजा व्हावी. ज्यांचा शोक वर्ष उलटूनही तितकाच तीव्र राहतो, ज्यांना दैनंदिन व्यवहारही जमत नाहीत, त्यांना वैद्यकीय उपचारांची गरज असू शकते. अशा दीर्घ शोकाला आता वैद्यकशास्त्रात स्वतंत्र विकार म्हणून मान्यता मिळाली आहे. जगणे नकोसे वाटत असेल तर मुळीच थांबू नये. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा.

शेवटी थेरी पटाचारेचे स्मरण करणे उचित होईल. पती सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले गेली, आईवडील आणि भाऊ घर कोसळून गेले. ती वेडी होऊन फिरू लागली. पुढे ती भिक्षुणीसंघात आली. एके दिवशी पाय धुताना खाली वाहणारे पाणी पाहून तिचे चित्त एकाग्र झाले आणि त्याच रात्री दिवा मालवताना ती मुक्त झाली, असे थेरीगाथेत तिचे कथन आहे. पाय धुणे आणि दिवा मालवणे ही रोजचीच कामे होत. बौद्ध परंपरेने तिला अभागी विधवा म्हणून लक्षात ठेवले नाही. विनय जाणणाऱ्या भिक्षुणींत अग्रगण्य म्हणून लक्षात ठेवले. आपल्या वस्तीतील आयुष्मतींना आपण कोणत्या नावाने लक्षात ठेवणार आहोत, याचा विचार प्रत्येक विहाराने करावा, अशी आमची विनंती आहे.